गोफण आणि नारिंगी गोळा

सकाळी सव्वासहाला येरवड्याच्या गोल्फ मैदानावर हिवाळ्यात इतकं दव असतं, की चेंडू घरंगळत गेला तर मागे गर्द हिरवी रेघ उमटते. लोहगावकडे उतरणारं एखादं विमान डोक्यावरून जातं, टिटव्या ओरडत उठतात, आणि मग सगळं पुन्हा शांत. त्या वेळी मी कडेला उभा राहून एक काठी फिरवत असतो. समोर चेंडू नसतो. काठीच्या एका टोकाला लिंबाहून मोठा नारिंगी गोळा आहे, मुठीच्या टोकाला तोल राखणारं दुसरं वजन आहे, आणि मधली दांडी वेतासारखी लवचिक आहे. गोल्फमधल्या ड्रायव्हर या काठीपेक्षा थोडी लांब, वजनाला दुपटीहून जास्त. तिचं नाव ऑरेंज व्हिप. जिम हॅकनबर्ग नावाच्या एका अमेरिकन गोल्फ शिक्षकाने ती बनवली. गेल्या दिवाळीत मुलाने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बाबा, आता पुस्तकं पुरे. रोज ही दहा मिनिटं फिरवा."

पहिल्या दिवशी ती माझ्या ताब्यात आली नाही. मी नेहमीसारखा बॅकस्विंग घेतला, वर पोचलो आणि नेहमीसारखाच खाली हिसका दिला. हात खाली आले, गोळा मागेच राहिला. दांडी थरथरली, गोळा उशिरा आणि वाकडा आला, आणि त्याच्या ओढीने माझा डावा पाय जागचा हलला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कडक दांडीचा ड्रायव्हर असलं सगळं सोसतो. हिसका दिला तरी तो खाली येतो, चेंडूला कुठेतरी लागतो, चेंडू उजवीकडे वळत झाडांत जातो आणि आपण दोष वाऱ्याला देतो. ही काठी मात्र जिथे चूक झाली तिथेच, त्याच क्षणी, तळहातात सांगते.

माझी चूक जुनी होती आणि ती चांगल्या सल्ल्यातून आलेली होती. पन्नाशीत खेळ सुरू केला तेव्हापासून जो तो मला एकच सांगत आला: हळू. मी हळू करत गेलो. बॅकस्विंग इतका सावकाश झाला की वर पोचेपर्यंत अंगातला जोर विरून जायचा. मग तो भरून काढायला हात खाली झेपावायचे. माझ्याबरोबर कित्येक वर्षं बॅग घेऊन चालणाऱ्या कॅडीमामांनी एकदाच, सातव्या होलवर, हे नेमकं सांगितलं होतं. "साहेब, तुम्ही वर थांबताय. थांबलं की हात घाबरतो, आणि घाबरला की ओढतो." मी मान डोलावली आणि पुढचा चेंडू आणखी हळू मारला. त्यांचं म्हणणं मला कळायला तीन वर्षं आणि ही काठी लागली.

मुलाने फोनवर माझं चित्रण केलं. सेकंदाला 240 चौकटींचं. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही एकेक चौकट पुढे सरकवत मोजलं. काठी हलल्यापासून वर पोचेपर्यंत 312 चौकटी, वरून चेंडूपर्यंत 76. म्हणजे वर जायला एक सेकंद आणि वर आणखी पाव-अर्धा, खाली यायला सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. भागाकार केला तर चारास एक. मुलगा म्हणाला, तीनास एक पाहिजे.

हा तीनास एक कुठून आला ते त्याने मला सांगितलं आणि नंतर मी स्वतः वाचलं. जॉन नोवोसेल या अमेरिकन माणसाने नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती अशाच चौकट-चौकट मोजल्या. तेव्हा सेकंदाला 30 चौकटी असायच्या. त्याला आकडे सापडले ते असे: कोणाचे वर 21 आणि खाली 7, कोणाचे 24 आणि 8, कोणाचे 27 आणि 9. माणूस चपळ असो की संथ, वर जायला लागतो त्याच्या एक तृतीयांश वेळात तो खाली येतो. 2004 साली त्याने ‘टूर टेंपो’ या पुस्तकात हे मांडलं. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की यात संथपणाला काही वेगळं बक्षीस नाही. एर्नी एल्सला सगळे ‘बिग ईझी’ म्हणतात, त्याचा स्विंग बघताना पाण्यावरची होडी आठवते. निक प्राइसचा स्विंग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपायचा. दोघांनीही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, 1994 साली तर एल्सने यूएस ओपन आणि प्राइसने ब्रिटिश ओपन. गती ज्याची त्याची. आणि 27 चौकटींत वर जाणाऱ्यालाही त्यासाठी एक सेकंद पुरतो. मी त्याहून पुष्कळ जास्त घेत होतो आणि त्यालाच शिस्त समजत होतो.

माझी बायको घरी गाणं शिकवते. चौकटींचा हिशोब चालला होता तेव्हा ती भाजी निवडत ऐकत होती. तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाली, "अहो, हे तर चार मात्रांचं आवर्तन झालं. एकला काठी निघाली, चारला वर पोचली, आणि पुढच्या समेवर चेंडू." मी पुन्हा मोजून पाहिलं. एक ते चार, मध्ये तीन मात्रांचं अंतर. चार ते पुन्हा एक, एका मात्रेचं. अगदी बरोबर. मात्रा पाव सेकंदाहून जरा मोठी, म्हणजे द्रुतच. इंग्रजी पुस्तकांत टेंपो आणि ऱ्हिदम या दोन शब्दांची इतकी गल्लत असते की वाचणारा गोंधळून जातो. आपल्याकडे गाण्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हा फरक ठाऊक असतो. लय वाढली, कमी झाली, तरी आवर्तनातली सम जागची हलत नाही. मला आठ वर्षं जो तो लय कमी करायला सांगत होता, आणि माझी सम चुकत होती.

एवढं कळलं तरी हाताला ते येईना. ते आलं जानेवारीत, आणि आलं ते एका फार जुन्या वासावरून. मैदानाच्या कुंपणापलीकडे कुणीतरी पाचोळा पेटवला होता. काठी हातात होती, धूर नाकात गेला आणि मी बार्शीकडच्या आमच्या शेतात जाऊन उभा राहिलो. नऊ-दहा वर्षांचा असेन. ज्वारी हुरड्यात आलेली, कणसांवर भोरड्यांचे थवे उतरायचे आणि तासाभरात शेत रिकामं करायचे. आबा मचाणावर गोफण घेऊन उभे असायचे. त्यांची गोफण अंबाडीच्या वाखाची, त्यांनी स्वतः वळलेली. मधे दगडाचा गुंडा ठेवायला विणलेली खोळ, एका टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसऱ्या टोकाला नुसती गाठ. गुंडा ठेवायचा, दोन्ही टोकं मुठीत, डोक्यावरून एक फेरा, दुसरा फेरा, आणि गाठ सोडायची. गुंडा सुटताना शेपटीचा ‘फट्’ असा आवाज व्हायचा, तेवढ्यानेच निम्म्या भोरड्या उडायच्या.

माझा गुंडा मात्र मागे जायचा. नाहीतर मचाणाच्या पायथ्याशी पडायचा. मी सगळा जोर खांद्यात आणून हात पुढे झोकायचो. आबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "ढकलू नगंस रं. दगूड तू न्हाय मारायचा, गोफण मारती. तू निस्तं फिरीव." मग त्यांनी माझा हात हातात घेऊन फेरा दिला. दोरी ताणलेली राहिली. पूर्ण फेऱ्यात एकदाही सैल पडली नाही. गुंडा टोकाला आहे हे बोटाला कळत होतं, मागे लागला आहे असं नाही, सोबत आहे असं. नेमक्या कोणत्या क्षणी सोडायचं हे मला कुणी सांगितलं नाही. बोटच उघडलं. गुंडा ताडकन थव्यात गेला.

त्या सकाळी येरवड्याला मी काठी पुन्हा वर नेली आणि गोळ्याची ओढ बोटांना लागेपर्यंत वाट पाहिली. थांबलो नाही, ओढलंही नाही. डावी टाच टेकली, कंबर वळली, हात मागोमाग आले आणि काठी सूं करत गेली. दांडी थरथरली नाही. गोळा माझ्याभोवती पूर्ण फिरून डाव्या खांद्यामागे येऊन विसावला. मी पायांवर उभा होतो. आधी जमीन, मग कंबर, मग खांदे, शेवटी हात, हा क्रम पुस्तकात पन्नास वेळा वाचला होता. हात पहिले निघाले तर वेग चेंडूपाशी पोचायच्या आतच खर्च होतो, हेही पाठ होतं. पण मनगटाला ते पहिल्यांदा कळलं ते आबांच्या फेऱ्याच्या आठवणीतून.

नंतर अर्नेस्ट जोन्सबद्दल वाचलं तेव्हा मी पान मिटून बराच वेळ बसलो होतो. हा इंग्लिश व्यावसायिक खेळाडू, जन्म 1887 चा. पहिल्या महायुद्धात, 1916 साली फ्रान्समध्ये तो जखमी झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. परत आल्यावर रॉयल नॉर्विचच्या मैदानावर त्याने एका पायावर 83 फटक्यांत फेरी पूर्ण केली. दोन धडधाकट पायांवर मला आजवर तो आकडा गाठता आलेला नाही. पाय नसताना हे जमलं कसं, याचा त्याने विचार केला आणि आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली: काठीचं टोक झुलवा. पुढे तो अमेरिकेत गेला, न्यूयॉर्कमध्ये बंद खोलीत शिकवू लागला. 1932, 1933 आणि 1934 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची महिला हौशी विजेती ठरलेली व्हर्जिनिया व्हॅन वाय त्याचीच शिष्या. आणि त्याचं साधन काय होतं? खिशातला रुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला लहान चाकू. रुमालाने चाकू झुलवता येतो, ढकलता येत नाही. ढकललात की रुमाल सैल पडतो आणि चाकू लोंबतो. जे आबांनी मचाणावर सांगितलं ते हा माणूस रुमालाने दाखवत होता. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता असण्याचं कारण नव्हतं.

म्हणून साधनांबद्दल माझं आता ठाम मत झालं आहे. बाजारात गोल्फची साधनं ढिगाने आहेत. कोपर बांधून ठेवणारे पट्टे, कोन दाखवणाऱ्या सळ्या, मनगटावर चढवायच्या चौकटी. ती अंगाला एका जागी धरून ठेवतात, आणि काढली की अंग आपल्या मूळ जागी परत जातं. जे साधन वळतं, लोंबतं, जबरदस्ती केली तर बिघडतं, तेच लय शिकवतं. त्याला आपली मर्जी चालत नाही. नोवोसेलच्या पद्धतीत तीन टोल असतात, एक निघताना, एक वर, एक चेंडूवर. मी तेही वापरून पाहिले. कानाला ठीक, पण मला हाताला कळलेलं जास्त टिकतं. कुणाला उलटं होत असेल, त्याने टोल जरूर वापरावेत.

मात्र टोल सरावापुरतेच. फेरी सुरू झाली की गोल्फचा नियम 4.3 स्विंगची लय साधण्यासाठी कानात संगीत लावायला मनाई करतो, आणि माझी नारिंगी काठीसुद्धा फेरीत सराव म्हणून फिरवता येत नाही. मला हा नियम फार आवडतो. बायकोही गाणं शिकवताना विद्यार्थिनीला तबला मशीन लावून देते, आणि पंधरा मिनिटांनी स्वतःच्या हाताने बंद करते. मग खोलीत जो एक क्षण शांततेचा येतो, त्यात मुलीच्या चेहऱ्यावर दिसतं की ठेका आत गेला आहे की मशीनबरोबरच थांबला आहे. पहिल्या टीवर, मागे चार माणसं उभी असताना, माझीही तीच परीक्षा असते.

आता रोजचा माझा पाठ ठरला आहे. आधी पाय जुळवून पाच फेरे, म्हणजे तोल गेला तर लगेच कळतो. मग पाय पसरून दहा फेरे न थांबता, पुढे-मागे, झोपाळ्यासारखे. मनात एक-दोन-तीन-चार-एक. मग लगेच, तो भार हातात ताजा असताना, ड्रायव्हरने तीनच चेंडू. आणि पुन्हा काठी. पहिल्या आठवड्यात मी उत्साहात रोज शंभर फेरे घेतले आणि पाठ धरली, तीन दिवस वाकता येईना. वजन दुप्पट आहे हे विसरू नये. पन्नाशीच्या पुढच्यांनी तिसावर थांबावं.

गेल्या महिन्यात मुलाने पुन्हा चित्रण केलं. वर 206, खाली 66. कॅडीमामांना आकडे दाखवले नाहीत. सातव्या होलवर चेंडू फेअरवेच्या मधोमध पडला तेव्हा ते बॅग उचलत एवढंच म्हणाले, "आता थांबत नाही तुम्ही."

तुम्ही खेळत असाल आणि माझ्यासारखा हिसका तुमच्याही हातात असेल, तर काही विकत घेण्याआधी एक करा. एक जुना रुमाल घ्या, त्याच्या टोकाला घराच्या किल्ल्या घट्ट बांधा. आसपास कुणी नाही हे बघून अंगणात किंवा गच्चीवर उभे राहा आणि दोन्ही हातांत दुसरं टोक धरून किल्ल्या झुलवा. रुमाल ताणलेला असेतो झुलवत राहा. सैल पडला, की पुन्हा पहिल्यापासून.