सव्वा मूठ गहू

उधन्याच्या स्थानकात गाडी थांबली तेव्हा उजाडावयास अद्याप बराच अवकाश होता आणि श्रावणातला बारीक पाऊस फलाटावरील दिव्यांच्या उजेडात पिठासारखा भुरभुरत होता. मुंबईहून निघताना अर्धाअधिक रिकामा असलेल्या आमच्या डब्यात येथे एकाएकी असा लोंढा शिरला, की तिकिटावर माझ्या नावे नमूद असलेली जागा माझीच आहे हे शाबीत करण्याचा विचार मी मनातल्या मनात तहकूब केला. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि साड्यांच्या बाजारात राबणारी ही सारी खानदेशी मंडळी. कुणाच्या खांद्यावर झोपलेले मूल, कुणाच्या डोक्यावर नव्या भांड्यांचे गाठोडे, आणि सर्वांच्या तोंडी एकच विषय. नागपंचमी होऊन गेली होती, रविवार उद्यावर आला होता आणि त्या रविवारी घरोघर कानबाई बसावयाची होती. माझ्या पायांशी चादर अंथरून बसलेल्या एका वृद्धेने ‘कथा चालनात, भाऊ?’ असे विचारले आणि मी शहाद्याकडचे नाव सांगताच ‘मंग रोट शेतस ना तुमना घर?’ असा दुसरा प्रश्न केला. मी मान डोलावली. तेवढ्यावर तिने आपल्या फडक्यातली भाजलेल्या शेंगांची मूठ माझ्या हातावर ठेवली.

मी महसूल खात्यात 31 वर्षे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेला मनुष्य आहे. कानबाईला गावी जाण्याचा योग त्या 31 वर्षांत मला अवघा चारदा आला. कारण श्रावण हा जसा व्रतवैकल्यांचा तसाच तो पूर, पडझड आणि पंचनाम्यांचाही महिना, आणि ज्या आठवड्यात देवी घरी यावयाची नेमक्या त्याच आठवड्यात रजेचे अर्ज नामंजूर व्हावयाचे. निवृत्तीनंतर मात्र कोणतीच सबब उरली नाही, आणि सबब उरली नाही म्हणजे मनुष्याला जाणे भागच पडते.

नवापूर झोपेतच मागे पडले. चिंचपाडा आणि खांडबारा या लहान स्थानकांवर डोळे उघडले तेव्हा बाहेर भाताची खाचरे पाण्याने भरलेली, बांधांवर सागाची रुंद पाने ओली होऊन काळपट दिसत होती आणि एका कौलारू घराच्या पडवीत कुणीतरी पावसाकडे पाहात नुसताच बसला होता. पुढे नंदुरबार जवळ येऊ लागले तसा पाऊस विरळ होत गेला, भाताच्या जागी कापूस, ज्वारी आणि मिरचीची शेते दिसू लागली. एवढ्याशा जिल्ह्यात पश्चिमेचा पाऊस निराळा आणि पूर्वेचा निराळा. हिवाळ्यात आले असता याच शहराच्या भोवताली लाल मिरचीच्या पथाऱ्या क्षितिजापर्यंत पसरलेल्या दिसतात आणि नवख्याला शिंका आवरता आवरत नाहीत. श्रावणात त्या जागा ओक्याबोक्या आणि चिखलाच्या असतात.

नंदुरबार शहराविषयी मला माझ्या पेशामुळे एक खास ममत्व आहे. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त या गावाच्या नावाने माळवा सुभ्यातील एक ‘सरकार’ नोंदलेले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले तेव्हा हे पश्चिम खानदेशाच्या वाट्याला आले, आणि 1 जुलै 1998 रोजी जिल्ह्याचे ठाणे होऊन ते पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले. परंतु गावातील माणसाला विचारले तर तो यांतील एकही सन सांगणार नाही. तो आपणांस माणिक चौकात घेऊन जाईल आणि 9 सप्टेंबर 1942 ही तारीख सांगेल, ज्या दिवशी मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात वयाची सोळा वर्षेही पुरी न केलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. मी लहान असताना वडील शहाद्याहून बाजारासाठी येथे येत तेव्हा त्या चौकात आले की डोक्यावरची टोपी काढीत असत. मी टोपी घालीत नाही. काय काढावे हे न कळून क्षणभर छत्री मिटली आणि भिजलो.

पुढे गावी एस. टी. ने प्रकाशावरून जावे लागते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या गावाला लोक दक्षिण काशी म्हणतात, आणि केदारेश्वराच्या घाटावर श्रावणात गर्दीही काशीला शोभेल अशीच असते. परंतु या गावाची जी पांढरी आहे, तिच्या पोटात 1954-55 मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले तेव्हा ताम्रपाषाण युगापर्यंतचे थर लागले, ही गोष्ट घाटावरच्या फारशा कुणाला ठाऊक नसते. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे कुणी चूल पेटविली होती आणि रंगीत मडक्यात काही शिजविले होते. पुलावरून जाताना तापीचे गढूळ, रुंद, घाई नसलेले पाणी पाहून मला वाटले, की तेही लोक पावसाळ्यात चुलत्या-पुतण्यांना जमवून काहीतरी गोडधोड करीतच असतील.

आमचे गाव गोमाईच्या काठी. दुपारी पोहोचलो तो ओसरीवर पायताणांचा ढीग पडला होता, आणि त्यावरून मी घरात किती माणसे आली असावीत याचा अंदाज बांधला. हा अंदाज सातांनी चुकला, कारण लहान मुले अनवाणी होती. मोठ्या वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. ‘बरं शे ना, भाऊ?’ एवढेच म्हणाल्या आणि पाय धुवावयास पाणी दिले. वहिनींचे वय आता ऐंशीच्या घरात गेले आहे. परंतु कानबाईच्या बाबतीत त्या आमच्या भाऊबंदकीच्या एकाच वेळी मामलेदारही आहेत आणि हायकोर्टही.

रोट म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला थोडे उकलून सांगावयास हवे. कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ या मापाने गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून घेतात. ते धान्य निराळे दळतात, आणि गिरणीवालाही त्यासाठी आपली गिरणी धुऊन-पुसून ठेवतो. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, त्याबरोबर खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी असा नैवेद्य कानबाईला होतो. आणि तो प्रसाद फक्त भाऊबंदांनी खावयाचा. बाहेरचा कितीही जिवलग असला तरी त्याला त्या दिवशी दुसरे पान वाढतील, रोट वाढणार नाहीत. आमच्या घरचा आणखी एक दंडक असा, की रोट पौर्णिमेच्या आत संपलेच पाहिजेत.

शनिवारी तिसऱ्या प्रहरी ही मोजणी झाली. मधल्या घरात सुपे मांडली होती, वहिनी पाटावर बसल्या होत्या, आणि त्या एकेक नाव उच्चारून गव्हाच्या पोत्यात हात घालीत, मूठभर गहू सुपात टाकीत आणि मागाहून चिमटीने वरचा पाव घालीत. मी खातेपुस्तिका, गावनमुने आणि हजेरीपट यांत उभा जन्म घालविला. परंतु इतकी चोख मोजणी मी पाहिली नव्हती. जे समोर बसले होते त्यांची नावे आली, तसेच जे आले नव्हते त्यांचीही आली: पुण्याला शिकणारा एक, सुरतेला दुकानात असलेले दोन, परदेशी गेलेला एक, ज्याने सहा वर्षांत गावाचे तोंड पाहिलेले नाही. नंतर माझे नाव आले. मी सहज विचारले, ‘वहिनी, मी येत नव्हतो तेव्हा?’ त्यांनी वर न पाहता उत्तर दिले की तेव्हाही टाकीत होतो, गहू काय माणूस पाहून शिजतो? ज्या वर्षी मी परजिल्ह्यात चिखल तुडवीत पडलेल्या भिंती मोजीत होतो, त्या वर्षीही येथे माझ्या नावाची मूठ पडत होती आणि ती दुसऱ्या कुणीतरी खाल्ली होती, हे मला वयाच्या साठीनंतर समजले.

पुढचे नाव थोरल्या भावाचे यावयास हवे होते. तो जाऊन दोन वर्षे झाली. आमच्या दप्तरात अशा वेळी ‘मयत, नाव कमी’ असा शेरा मारून खाली सही करीत. वहिनींचा हात सवयीने पोत्यात गेला, भरून वर आला, क्षणभर तसाच राहिला आणि परत पोत्यात रिकामा झाला. मग त्यांनी पुतण्याचे नाव घेतले.

हे सारे दाराशी उभी राहून पाहणारी माझी चुलत नात, जी नाशिकला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकदम म्हणाली, ‘आणि माझी मूठ?’ मधले घर स्तब्ध झाले. वहिनींनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, की मूठ पोरांची, आणि वरचा पाव पोरींचा. म्हणून तर सव्वा. हा अर्थ त्यांनी त्याच घटकेला काढला असावा अशी माझी खात्री आहे, कारण आमच्या आईच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता. ‘पावच का?’ पोरीने विचारले. युक्तिवाद तिच्या बाजूने होता हे त्या घरातील प्रत्येकाला कळत होते, मलाही. आणि मी, ज्याने वारसाच्या नोंदींत मुलींची नावे घालावयास कां-कूं करणाऱ्या अनेक गृहस्थांना कायदा समजावून सांगितला होता, त्या वेळी मूग गिळून बसलो. वहिनी काही बोलल्या नाहीत. मोजणी संपल्यावर मात्र त्यांनी पोत्याचे तोंड बांधण्यापूर्वी आणखी एक भरलेली मूठ सुपात टाकली, आणि ती कुणाच्या नावाची हे सांगितले नाही. ‘पुढल्या सालले मी मोजसू,’ असे पोरीने आपल्या मोडक्यातोडक्या अहिराणीत जाहीर केले, तेव्हा सर्वांत मोठ्याने हसल्या त्या वहिनीच.

रविवारचे वर्णन मी करीत नाही. चौरंग, नथ घातलेले नारळ, कणकेचे दिवे आणि रात्रभर चाललेली गाणी व फुगड्या यांचे वर्णन ज्याने ते पाहिले त्याला अपुरे आणि ज्याने पाहिले नाही त्याला अतिशयोक्तीचे वाटेल. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला गोमाईवर नेले, आणि परत येताना घर एकदम मोठे झाल्यासारखे वाटले.

त्याच दुपारी तरुण मंडळींनी तोरणमाळचा बेत काढला. दोन जीपगाड्या भरल्या. म्हसावद, राणीपूर असे करीत सपाटी संपली आणि सातपुड्याचा घाट लागला. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, आणि महाबळेश्वर-माथेरानला जाऊन आलेल्यांनी येथे बाजारपेठ, घोडे आणि चिक्की शोधू नये. सीताखाईची दरी, यशवंत तलाव, गोरखनाथाचे देऊळ आणि पावरा लोकांची विखुरलेली घरे एवढाच येथील सरंजाम. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते तेव्हा हा डोंगर माणसांनी झाकून जातो असे म्हणतात. श्रावणात तो धुक्याने झाकलेला असतो. तलावाच्या काठी एक बाई निखाऱ्यावर मक्याची कणसे भाजून विकीत होती. आमच्या मंडळींनी तिचे सारे टोपले रिकामे केले, वर मीठ-तिखट जास्त मागितले, आणि सीताखाईच्या कड्यावर उभे राहून एकमेकांची नावे ओरडली. दरीने ती सर्व नावे, काहीशी ओली करून, परत दिली.

मंगळवारी पहाटे मी कुणाला न सांगता विश्रामगृहातून एकटा बाहेर पडलो. तीन दिवस मी सारखा कुणाचा तरी काका, कुणाचा दीर, कुणाचा आजोबा होतो. पान वाढताना, चहा ओतताना, अंथरूण घालताना प्रत्येक वेळी माझी गणती झाली होती, आणि ते सुख इतके दाट होते की त्यातून जरा श्वास घ्यावासा वाटला. धुके असे होते की तलाव दिसत नव्हता, केवळ ऐकू येत होता. मी एका खडकावर बसलो. घड्याळ खोलीतच विसरले होते. या क्षणी मी कोठे आहे हे पृथ्वीवर कुणालाही ठाऊक नाही, कोणत्याही पत्रकात माझे नाव नाही, आवक-जावक दोन्ही बंद, असा विचार आला आणि एखाद्या शाळकरी पोराला तास चुकविल्यावर व्हावा तसा आनंद झाला. तो निर्भेळ होता. त्यात कुणाची आठवण नव्हती की कुणाविषयी कृतज्ञता नव्हती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. किती वेळ गेला कोण जाणे, धुक्यातून प्रथम घुंगुरमाळेचा आवाज, मग दोन म्हशी आणि त्यांच्यामागे घोंगडीची खोळ घेतलेला एक पावरा मुलगा बाहेर आला. त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, ‘एकलाच?’ मी ‘हो’ म्हटले. त्याला ते खरे वाटले नसावे. तो जाताना दोनदा मागे वळून माझ्या आजूबाजूला कुणी दिसते का ते पाहात गेला.

इतक्यात दूरवरून, विश्रामगृहाच्या बाजूने, हाका ऐकू येऊ लागल्या. प्रथम एक आवाज, मग चार, मग साऱ्या पोरांचा एकवट कालवा. जीपमध्ये बसताना पुतण्याने डोकी मोजली होती आणि एक कमी भरले होते. मी लगेच ओ दिली नाही. आणखी थोडा वेळ बसलो.

परतीची गाडी दिवसाची होती. नवापूरला ती बराच वेळ थांबली, आणि जाताना झोपेत हुकलेले ते स्थानक मी डोळे भरून पाहिले. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा सीमेची रेघ नेमकी या स्थानकातून गेली. त्यामुळे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत आहे, आणि त्या रेषेवर ठेवलेल्या एका बाकाचे अर्धे अंग या राज्यात नि अर्धे त्या राज्यात येते. माझ्या चाकरीच्या दृष्टीने असा बाक म्हणजे तंट्याचे मूळ; परंतु त्यावर एक म्हातारा आपले गाठोडे गुजरातेत ठेवून स्वतः महाराष्ट्रात निवांत बसला होता.

मी वहिनींनी बांधून दिलेला डबा उघडला. वर शेव आणि शेंगदाण्याची चटणी होती, तळाशी फडक्यात गुंडाळलेले दोन रोट. समोरच्या बाकावरील सद्गृहस्थांनी पेपर खाली करून त्या वासाकडे कौतुकाने पाहिले. पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. मी शेवेची पुडी त्यांच्यापुढे धरली, ‘घ्या ना’ म्हणून आग्रह केला, त्यांनी ओंजळ भरून घेतली. मग मी खिडकीकडे वळलो आणि त्यांच्याकडे पाठ करून रोट खाऊ लागलो.