बारा फोटो

आमच्या स्नेहीमंडळांत आम्हांला ‘बारावाले’ असें टोपणनांव पडलें आहे. सहल लोणावळ्याची असो, वेताळ टेकडीवरच्या सकाळच्या फेरफटक्याची असो, नाहींतर नुसती मंडईंतून भाजी आणण्याची असो, आमच्या खांद्याला एक जुना जपानी कॅमेरा लटकत असतो आणि त्यांत एका वेळीं बाराच फोटो निघतात. बाकीची मंडळी गडाच्या पायथ्यापासून दरवाजापर्यंत फोनवर दोनशे फोटो काढून मोकळी होतात. तेवढ्या अवधींत आम्ही एक काढावा कीं न काढावा ह्याचा विचार करीत उभे असतों. अशा वेळीं थट्टा व्हायची ती होतेच. “अहो, मुहूर्त पाहतां आहां काय?” असें कोणी तरी विचारतें, आणि आम्ही उत्तर न देतां मान खालीं घालून कांचेंत पाहूं लागतों.

मान खालीं घालणें ही ह्या यंत्राची रीतच आहे. याशिका-डी हा कॅमेरा १९५८ सालीं जपानांत निघाला. त्याला एकावर एक अशीं दोन भिंगें असतात. वरचें भिंग आपल्या डोळ्यांसाठीं आणि खालचें फिल्मसाठीं. वरच्या भिंगांतून आलेला प्रकाश आंतल्या तिरप्या आरशावर आपटून माथ्यावरच्या दुधी कांचेवर पडतो, आणि तेथें समोरचें जग उजव्याचें डावें होऊन उमटतें. छातीशीं डबा धरून त्या कांचेंत डोकावायचें. समोरच्या माणसाला आपली टाळू दिसते, रोखलेली नजर दिसत नाहीं. कॅमेरा डोळ्याला लावून कोणी नेम धरला कीं भित्रा माणूस जसा आंखडतो, तसा तो येथें आंखडत नाहीं. एखाद्यापुढें लवून त्याचा फोटो काढण्यांत कांहीं विनय आहे असें आम्हांला वाटतें. मंडळी मात्र ह्याला आमच्या मानेच्या दुखण्याचें कारण समजतात, आणि त्यांतही तथ्य आहे.

कॅमेरा आमच्या मामांचा. त्यांच्या पश्चात् ट्रंकेंत पंधरा-वीस पावसाळे काढल्यामुळें खालच्या भिंगावर बुरशीनें कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी काढली होती. एका वृद्ध कारागिरानें तें सोडवून पुसून दिलें, आणि “ह्याला कपाटांत कोंडूं नका, उन्हांत हिंडवा” असा वैद्याच्या थाटांत सल्ला दिला. आमच्या हिंडण्याला तेव्हांपासून एक शास्त्राधार मिळाला आहे.

ह्या यंत्रांत बॅटरी नाहीं कीं प्रकाश मोजणारा कांटा नाहीं. पण ऊन ओळखायला फार विद्या लागत नाहीं. लख्ख उन्हांत भिंगाचें तोंड सोळाच्या आंकड्यावर ठेवावें, आणि फिल्मचा वेग जितका त्याच्या जवळपासचा सेकंदाचा अंश निवडावा. शंभरच्या फिल्मला सव्वाशेवा, चारशेच्या फिल्मला पांचशेवा. ढग आले कीं तोंड थोडें मोठें करावें, सावलींत आणखी मोठें. वर्षभर असें केलें कीं माणूस ओसरींत बसल्या बसल्या “आतां साडेपांच-आठच्या मधें” असें पुटपुटूं लागतो आणि घरचीं माणसें काळजी करूं लागतात. परंतु एक लाभ निश्चित होतो. आश्विनांतलें ऊन आणि चैत्रांतलें ऊन ह्यांतला फरक आम्हांला वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच कळला.

आम्ही वापरतों ती फिल्म ‘एकशें-वीस’ ह्या जातीची. कोडॅक कंपनीनें ती १९०१ सालीं काढली, आणि सव्वाशे वर्षें झालीं तरी कागदांत गुंडाळलेली तीच पट्टी अजून निघते. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० सालीं स्थापन झाला होता. त्याच्या ‘इंदू’ फिल्मवर एका पिढीचीं लग्नें आणि मुंजी उमटल्या आहेत. तो कारखाना बंद पडला. आतां आमचा रोल इंग्लंडांतून येतो, आणि एका रोलाच्या किंमतींत गडावर चौघांचें पिठलें-भाकरी सहज होतें. हा हिशेब आमच्या घरांत वारंवार मांडला जातो.

काय टिपावें ह्याविषयीं आमचे कांहीं ग्रह आहेत. सूर्यास्त आम्हीं सोडून दिले. धबधबेही. धबधबा आपल्या आधींही होता आणि पुढेंही राहणार आहे, त्याला आमच्या बारांपैकीं एकाची गरज नाहीं. एस्टीची वाट पाहतां पाहतां फलाटावरच पेंगुळलेला मित्र, एकाच छत्रींत मावण्याचा यत्न करणारे तिघे प्राध्यापक, चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणारी एक विदुषी, हें आमचें भांडार. ह्या मार्गांत आम्ही एकटे नाहीं, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) ह्यांनीं पुढें स्वातंत्र्याचे सोहळे आणि मोठमोठे पुढारी टिपले. पण त्यांचीं आरंभीं छापून आलेलीं छायाचित्रें मुंबईंतल्या स्त्रियांच्या एका सहलीचीं होतीं. आम्हांला मात्र त्या सहलीपुढें जातां आलेलें नाहीं, आणि जावेंसेंही वाटलें नाहीं.

आतां माईंविषयीं लिहिलें पाहिजे.

माई म्हणजे आमच्या एका मित्राची थोरली बहीण. सरकारी कचेरींतून निवृत्त झालेल्या, गड चढण्यांत आम्हां सर्वांच्या पुढें. त्यांना नवव्या वर्षापासून कोड आहे. अर्धा चेहरा, गळा आणि दोन्ही हात. कोड हा संसर्गजन्य रोग नव्हे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहींशा होतात एवढेंच. पण एवढेंच म्हणणें पुस्तकांत सोपें. माईंच्या माहेरच्या आल्बमांत नवव्या वर्षानंतरचा त्यांचा एकही फोटो नाहीं. धाकट्या बहिणीच्या लग्नांत फोटोवाला अंगणांत तिवई लावूं लागला, तेव्हां मावशीनें त्यांना म्हटलें होतें, “तूं जरा आंत जा बाई, दूध उतूं जातंय का बघ.” ही हकीकत माईंनींच एकदां चहा पितां पितां सांगितली, अगदीं सहज. चुलीवर दूध होतें कीं नाहीं हें त्यांनीं सांगितलें नाहीं.

फोनचे फोटो सुरू झाल्यावर त्यांनीं स्वतःची युक्ति काढली. समूह जमूं लागला कीं “आणा इकडे, मी काढतें” म्हणून त्या फोन मागून घेत. आमच्या पंधरा वर्षांच्या सहली त्यांनींच टिपल्या आहेत, आणि त्या पंधरा वर्षांत त्या कोठेंच नाहींत. हें मंडळींच्या लक्षांत आलें नव्हतें असें नव्हे. पण लक्षांत आलेलें बोलून दाखवावें कसें, हें कोणाला ठाऊक नव्हतें.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सिंहगडावर गेलों होतों. जेवणें झालीं होतीं, दह्याचीं मडकीं रिकामीं झालीं होतीं. नऊ फोटो झाले होते. कल्याण दरवाजाच्या सावलींत माई आमच्याजवळ येऊन बसल्या आणि कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाल्या, “ह्यांतला फोटो लगेच दिसत नाहीं ना?”

“नाहीं. पंधरा दिवस तरी लागतात.”

“आणि दुसऱ्या कोणाला?”

“रोल धुतल्यावांचून आम्हांलाही नाहीं.”

त्यांनीं मान डोलावली. नंतर म्हणाल्या, “मग माझा एक काढा.”

त्या वेळीं भिंगावर तांबडी कांच बसवलेली होती. दुपारभर आम्ही ढग टिपीत होतों, आणि तांबड्या कांचेमुळें निळें आभाळ गडद होऊन ढग उठून दिसतात. (धबधबे सोडले, पण ढग सुटले नाहींत.) पण ह्या कांचेचा आणखी एक गुण आहे. तांबड्या प्रकाशांत गव्हाळ किंवा सांवळी कातडी फिकी उतरते, आणि पांढऱ्या डागांत व तिच्यांत अंतर फार उरत नाहीं. म्हणजे कांच तशीच राहूं दिली असती तर माईंचें कोड पुष्कळसें झांकलें गेलें असतें. आणि ती खालच्याच भिंगावर असल्यामुळें वर पाहतांना कोणाला कांहीं कळलेंही नसतें. ती मुकाट्यानें ठेवणें हा एक मार्ग होता. मुकाट्यानें काढणें हा दुसरा. दोन्हींत त्यांच्या चेहऱ्याचा निकाल आम्ही लावणार होतों. तेव्हां आम्हीं त्यांना सगळें सांगितलें.

माई बराच वेळ गप्प राहिल्या. दरींतून वारा येत होता आणि त्या पदराचें टोंक बोटाला गुंडाळीत होत्या. “म्हणजे मी धाकटीसारखी दिसेन,” त्या म्हणाल्या. आम्ही म्हणालों, जवळपास तशीच. पुन्हां कांहीं वेळ गेला.

“काढून ठेवा ती कांच,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं दाराच्या मागं बसवलं. आतां कांचेच्या मागं नको.”

आम्हीं कांच खिशांत टाकली, तोंड आठावर आणि वेग साठाव्या अंशावर ठेवला, मान खालीं घातली. दुधी कांचेंत माईंची उजवी बाजू डावीकडे होती. त्यांनीं हंसूं आणलें नाहीं. बटण दाबल्यावर ह्या कॅमेऱ्याचा आवाज पानावर थेंब पडावा तेवढाच होतो, “झाला?” असें त्यांनीं विचारलें तेव्हां आम्हीं दहा आंकडा पुढें सरकवला होता.

रोल आम्ही न्हाणीघरांत धुतों. रसायन वीस अंशांवर लागतें, म्हणून पुण्याच्या पाण्यांत बर्फ घालावा लागतो. फिल्म वाळल्यावर दहावा फोटो आम्हीं मोठा करून कागदावर घेतला. कपाळापासून कानापर्यंत गेलेली पांढरी रेघ, हनुवटीवरचा डाग, हातांवरचे ठिपके, सगळें स्वच्छ आलें होतें. आणि डोळे फार शांत होते.

माई घरीं आल्या, खिडकीशीं उभ्या राहून त्यांनीं तो पाहिला. कसा वाटला हें आम्हीं विचारलें नाहीं. त्यांनींच विचारलें, “ह्याचं मूळ कुठं आहे?” आम्हीं निगेटिव्ह दाखवली. सव्वादोन इंचांचा चौकोन उजेडासमोर धरतांच त्या मोठ्यानें हंसल्या. निगेटिव्हमध्यें काळ्याचें पांढरें होतें. तेथें त्यांची कातडी गोरीपान होती आणि डाग काळे. “बघा, इथं मी गोरी!” असें म्हणून त्या पुन्हां हंसल्या, आणि मग म्हणाल्या, “हें मला द्याल?”

फोनवरचा फोटो दुसऱ्याला देतां येतो, पण देऊन टाकतां येत नाहीं. तो आपल्याकडे राहतो, आणखी कोठें कोठें राहतो, आणि ज्याचा आहे त्याच्या हातीं कधींच संपूर्ण लागत नाहीं. निगेटिव्ह एकच असते. आम्हीं कात्रीनें दहावा चौकोन कापला आणि कागदाच्या पाकिटांत घालून मोठ्या केलेल्या प्रतीसह त्यांना दिला. दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती.

ह्यावर आमचे मित्र, माईंचे बंधु, आमच्यावर रागावले. आईचें वय एक्याण्णव. मुलीचा एक तरी फोटो उशाशीं असावा असें तिला वाटतें. आमच्याकडे प्रत असती तर ती देतां आली असती. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. “माईंकडे मागा,” असें आम्ही म्हणालों. त्यांनीं मागितला कीं नाहीं, आणि मागितला असल्यास माईंनीं काय केलें, हें आम्हांला ठाऊक नाहीं. म्हाताऱ्या आईच्या उशाशीं तो फोटो असेल. कदाचित् माईंच्या कपाटांत तळाशीं असेल. कदाचित् चुलींतही गेला असेल. मित्राची अढी मात्र अजून पुरती गेलेली नाहीं, आणि भेटल्यावर बोलणें थोडें जपूनच होतें.

आमच्या फाइलींत त्या रोलाचे नऊ, अकरा आणि बारा हे चौकोन आहेत. अकराव्यांत गडावरचा एक कुत्रा मडकें चाटतो आहे.

परवां पानशेतच्या वाटेवर झाडाखालीं बसलों होतों. फोनवाल्यांचा समूह जमूं लागला. माई उठल्या नाहींत. त्यांनीं आमच्याकडे पाहून विचारलें, “किती उरलेत?”

“सहा.”

“मग घाई नाहीं,” असें म्हणून त्या शेंगा सोलूं लागल्या.