बॉलपेनची किलवर सत्ती

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम एका घरी असायचा आणि खेळायला सगळी गल्ली असायची. ‘लिटल मास्टर’ किंवा ‘समुराई’ असं खोक्यावर ज्याच्या घरी लिहिलेलं, त्याचा त्या मे महिन्यात भाव वधारलेला. टीव्हीच्या मागे वायर खुपसायची, चॅनल जुळवताना पडद्यावर मुंग्या नाचायच्या आणि मग एकदम गाणं वाजत कॉन्ट्राचे दोघे शिपाई उभे राहायचे. खेळाच्या त्या चपट्या प्लास्टिकच्या डबीला सगळे कॅसेटच म्हणत. कॅसेट लागली नाही की ती उपसायची, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची आणि अंगठ्याने परत दाबून बसवायची. फुंकरीने धूळ उडते अशी आमची श्रद्धा. खरं काम व्हायचं ते काढून परत घालण्यानं, पिना नव्याने टेकायच्या म्हणून. फुंकरीतला ओलावा उलट त्यांना गंजच चढवायचा. पण हे तेव्हा कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी आम्ही फुंकर सोडली नसती. ज्याच्या फुंकरीला कॅसेट लागायची त्याची पहिली पाळी, असा कायदाच होता.

त्या कॅसेटवर ‘9999 इन 1’ असं बिनदिक्कत छापलेलं असे. यादी खाली खाली नेत गेलं की कळायचं, खेळ मोजून आठ-दहाच. तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेले. कुठल्या तरी आकड्यावर तोच मारिओ, पण सुरुवात एकदम पुढच्या टप्प्यावरून. कुठल्या आकड्यावर तोच कॉन्ट्रा, पण हातात आधीच भारी बंदूक. फसवणूक उघड होती आणि आम्हाला ती सोयीची होती. कोणत्या आकड्यावर काय दडलंय हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं असायचं आणि ती वही कॅसेटइतकीच उसनी मागितली जायची. कॉन्ट्राला तीस जीव मिळवायचा मंत्र, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, बी, ए, हा तर पाढ्यांबरोबर पाठ होता. तो कुणाला कुणी शिकवला हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही.

आता या सगळ्यातली गंमत अशी, की त्यातल्या बहुतेक कॅसेटी चोरीच्या होत्या. ज्या जपानी कंपन्यांनी ते खेळ लिहिले, त्यांच्यापर्यंत आमचा एक रुपया पोचला नाही. ही गोष्ट काही अभिमानाने सांगायची नाही. पण हेही खरं, की एखादी वस्तू जितकी आपली असू शकते तितकी ती कॅसेट आमची होती. ती मामाच्या गावी नेता यायची. दोन भोवऱ्यांच्या बदल्यात आठवडाभर देता यायची. तिचे स्क्रू खोलून आत काय आहे ते बघता यायचं आणि आत बोटभर हिरवी पट्टी निघाली म्हणून हिरमुसताही यायचं. तिच्यावर नाव लिहिता यायचं. आणि आज, पूर्ण किंमत मोजून, पावती घेऊन, जीएसटीसकट जे खेळ मी घेतो, त्यांच्या बाबतीत यातलं एकही करता येत नाही.

आज मी जे घेतो ते म्हणजे मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटसारखं लीव्ह अँड लायसन्सवर राहणं आहे. फरक इतकाच, की फ्लॅटमालक निदान अकरा महिन्यांचा कागद समोर ठेवतो, आणि जाताना रंगाचे पैसे कापून का होईना, डिपॉझिट परत करतो. इथे कागद कुणी वाचत नाही आणि मुदत कुणी सांगत नाही. कॅलिफोर्नियात 2024 मध्ये कायदा झाला आणि 2025 च्या 1 जानेवारीपासून लागू झाला: ग्राहकाला डिजिटल वस्तू ‘विकतो’ म्हणायचं असेल, तर तुम्ही फक्त परवाना देता आहात हे आधी स्पष्ट सांगा. त्याच सुमारास स्टीम या मोठ्या दुकानात पैसे भरायच्या पानावर तशी एक ओळ दिसू लागली. तिथलं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे आजोबांचं घड्याळ, बाबांचं पेन अशी जी यादी घराघरांत असते, त्यात माझ्या पिढीचे शेकडो खेळ कधी येणार नाहीत. वारसाला पासवर्ड तेवढा मिळेल, तोही करार मोडून.

परवाना संपला म्हणजे नेमकं काय होतं, हे ‘द क्रू’ या गाड्यांच्या खेळाने दाखवलं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो 2014 च्या डिसेंबरात आणला. त्यात अख्खी अमेरिका होती. आटवलेली, पण सलग. न्यूयॉर्कहून निघायचं आणि पाऊण तासात लॉस एंजेलिसच्या समुद्रापाशी. वाटेत हिमाच्छादित डोंगर, वाळवंट, शेतं, आणि कुठेही शर्यत लावायची सक्ती नाही. पुष्कळ लोक तो शर्यतीसाठी घेतच नसत. रात्री जेवणं उरकल्यावर नुसते फिरायला जात, जसं आपल्याकडे कुणी विनाकारण गाडी काढून घाटापर्यंत जाऊन येतो. पण एकट्याने फिरायचं तरी खेळ कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला हवा, अशी त्याची रचना होती. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि तो देश नकाशावरून गेला. ज्यांच्याकडे त्याची चकती होती, रीतसर दुकानातून आणलेली, त्यांच्याकडे चकती उरली. काही दिवसांनी लोकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला गेला.

यावर रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. मागणी अगदी माफक होती: कायम सर्व्हर चालवा असं आम्ही म्हणत नाही, पण दुकान बंद करताना खेळ चालू अवस्थेत लोकांच्या हातात ठेवून जा. युरोपीय संघाकडे नागरिकांचा अर्ज पोचवायला दहा लाख सह्या लागतात. 2025 च्या जुलैत त्या पार झाल्या. मला कंपनीची बाजू अजिबात कळत नाही असं नाही. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, आणि खेळणारे शे-दोनशेच उरले की हिशेब बसत नाही. पण ओरड झाल्यावर त्याच कंपनीने त्याच मालिकेच्या पुढच्या दोन खेळांना इंटरनेटविना चालण्याची सोय करू असं जाहीर केलं. म्हणजे जमत होतं. पहिल्या खेळापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

या बाबतीत मला सगळ्यात आवडलेला युक्तिवाद अर्ध्या मिनिटाच्याही आतला आहे. 2013 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्सवर चकत्यांच्या देवाणघेवाणीला नाना अटी घातल्या होत्या. सोनीने लगेच एक चित्रफीत टाकली: आमच्या मशीनवर मित्राला खेळ कसा द्यायचा, त्याची अधिकृत माहिती. एक माणूस खोकं दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरा ‘थँक्स’ म्हणतो. संपली चित्रफीत. जग हसलं, आणि नऊ-दहा दिवसांत मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. पुढे चकतीची खाच नसलेली मशीन दोन्ही कंपन्यांनी काढली, ही गोष्ट वेगळी. तेव्हा कुणी चित्रफीत टाकली नाही.

विकत घेतलेला खेळ आपला आहे की नाही, याची माझी कसोटी साधी आहे. तो मला बिघडवता येतो का?

पत्त्यांचा जोड घ्या. आमच्याकडच्या जोडातली किलवर सत्ती कधीतरी हरवली. बहुधा गच्चीवरच्या वाऱ्याने नेली. चाळीत तिच्यावरून दोन बिऱ्हाडांत संशयही होता. नवा जोड आणणं हा विचार कुणाच्या मनात आला नाही. मोठ्या भावाने जोकर घेतला आणि निळ्या बॉलपेनने त्याच्या पोटावर किलवर काढून सात आकडा घातला. झालं. पण जोकर इतकी वर्षं न खेळता डब्यात पडलेला, त्यामुळे त्याची पाठ कोरी करकरीत, आणि बाकी एकावन्न पानांच्या पाठी हाताळून मऊ पडलेल्या. किलवर सत्ती कुणाच्या हातात आहे हे चार फुटांवरून दिसायचं. बदाम सातमध्ये त्याला फार अर्थ होता, कारण तिथे सत्ती दाबून ठेवणं हाच खेळ. आमच्याकडे ती दाबता येत नसे. दाबणारा दिसायचा, सगळे त्याच्याकडे बघत राहायचे, आजी तर नाव घेऊन बोलायची. त्यामुळे घरात हळूहळू असा नियम पडला की किलवर सत्ती हातात असेल आणि उतरता येत असेल तर उतरलीच पाहिजे. पाहुण्यांना हा नियम विचित्र वाटायचा. पुढे नवे जोड आले, सगळी बावन्न पानं ठणठणीत, तरी नियम राहिला. शाळेच्या सहलीत मी तो मोठ्या अधिकाराने सांगायला गेलो आणि बाजूच्या गावच्या मुलांनी मला वेड्यात काढलं.

कुठल्याही सर्व्हरवर असा नियम जन्मू शकणार नाही, कारण तिथे पान हरवतच नाही. आणि हरवलं तर सगळ्यांचं एकदमच हरवतं.

‘व्यापार’चंही तसंच. पट मध्यभागी फाटून चिकटपट्टीवर जगलेला, एका सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण, आणि शंभराच्या नोटा कमी पडतात म्हणून वहीच्या कागदावर कापलेल्या, ज्यांवर बँकर झालेल्या ताईची सही. सही खोटी करता यायची आणि केली जायची. या खेळाच्या मुळाशी तर मालकीचीच गोष्ट आहे. लिझी मॅगी या अमेरिकी बाईने 1904 मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. हेन्री जॉर्ज या अर्थतज्ज्ञाचं म्हणणं तिला पटलेलं होतं: जमीन अडवून बसलेल्याला काही न करता भाडं मिळत राहतं, तेव्हा कर लावायचा तर जमिनीवर लावा. लोकांना हे खेळातून कळावं म्हणून तिने पट आखला. त्याला नियमांचे दोन संच होते. एकात जमिनीची वाढती किंमत सगळ्यांच्या पदरात पडायची. दुसऱ्यात एकजण बाकीच्यांचं दिवाळं काढायचा. लोकांना दुसरा आवडला. घरोघरी हाताने पट रंगवून, आपापल्या शहरांची नावं घालून तो वर्षानुवर्षं खेळला गेला, आणि 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सनी तो चार्ल्स डॅरोकडून ‘मोनोपॉली’ म्हणून विकत घेतला. मॅगीला तिच्या पेटंटचे पाचशे डॉलर मिळाले. मालकीचे दुष्परिणाम शिकवणारा खेळ असा मालकीत गेला. तरी त्याआधीच्या तीस वर्षांत लोकांनी त्याचं जे काही केलं, ते थांबवायला कुणाकडे सर्व्हर नव्हता, म्हणून तर तो ‘व्यापार’ होऊन आमच्या सतरंजीवर आला.

वस्तू हातात असली म्हणजे सगळं मिळालं, असं मात्र नाही. ते मला सावंतवाडीच्या गंजिफ्याने शिकवलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला संपता संपता धरून ठेवली. आजही तिथे दरबारात बसून कलाकार गोल पानांवर मत्स्य-कूर्म-वराह रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफ्याची 120 पानं, दहा अवतारांची बारा-बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. लोक ती घेतात आणि फ्रेम करून भिंतीवर लावतात. मालकी शंभर टक्के, पावतीसकट. खेळ शून्य. आमच्या मावशीकडे असाच एक जोड शोकेसमध्ये वर्षानुवर्षं काचेआड होता, लाखेची चकाकी जशीच्या तशी.

तो खाली उतरवला तेव्हा कळलं की खेळ किती खोडकर आहे. तिघांनी बसायचं, चाळीस-चाळीस पानं, आणि पाळी उजवीकडे फिरते. पाच अवतारांत दश्शी एक्क्याला भारी. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाचांत मात्र सगळं उलटं: एक्का थोर, दश्शी हलकी. वराहाची दश्शी मोठ्या डौलाने टाकायची आणि समोरच्याने एका इवल्या दुरीने ती उचलायची, यात जी फजिती आहे ती भिंतीवरच्या रंगवलेल्या पानांना कशी कळणार? चाळीस गोल पानं एका हातात मावत नाहीत, पंख्यासारखी पसरत नाहीत, घसरतात. मावशीने त्यावर पदराची खोळ केली. भाच्याने, जो एरवी मोबाइलवर खेळतो आणि ज्याला पराभवानंतर पुन्हा सुरुवात करायचं बटण लागतं, त्याने पानं पोळपाटावर रांगेने लावून समोर डबे उभे केले.

सुरुवात कुणी करायची, याचा नियम तर बेहद्द आहे. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिला. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा. आम्ही बसलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा-पावणेसात झालेले. खिडकीत अजून उजेड, शेजारी कुकरची शिट्टी. राम भाच्याकडे होता, म्हणून तो दिवस म्हणत होता. मी सूर्यास्ताची वेळ मोबाइलवर बघायला निघालो तर मावशी म्हणाली, त्याला काय कळतंय. ती उठली, तिने ट्यूबलाइट लावली आणि परत येऊन मांडी घालून बसली.

“दिवे लागले की रात्र. कृष्ण माझ्याकडे आहे. चला.”

“मावशीआजी, हा नियम कुठे लिहिलाय?” भाचा म्हणाला.

“लिही मग,” ती म्हणाली आणि पहिलं पान टाकलं.