मूळ रूप

मी बी.ए. मराठीचा माणूस. स्फटिकांच्या गणिताशी माझा काय संबंध? पण एका माजी विद्यार्थ्याने पुण्याकडच्या खाणीतला स्टिल्बाइटचा तुकडा आणून दिला. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत हा सापडतो. निवृत्त माणसाला वेळच वेळ... वाचत गेलो.

आपली सोलापुरी चादर घ्या. नक्षीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो कुठून कुठवर धरायचा? चौकोनी धरा नाहीतर तिरपा, शेजारी शेजारी मांडत गेलं की नक्षी तीच. स्फटिकात अणूंची मांडणी अशीच, फक्त तिन्ही दिशांनी. त्या तुकड्याला युनिट सेल म्हणतात. स्टिल्बाइटची सेल कोणी सुमारे १२८ अंशांची तिरपी घेतं, कोणी जवळजवळ काटकोनी पण दुप्पट मोठी. मग नुसते आकडे पाहून दगड एकच आहे हे कळावं कसं?

त्यासाठी स्वित्झर्लंडच्या पॉल निग्लींचे १९२८ सालचे नियम आहेत. सर्वात आखूड तीन कडा घ्यायच्या. तरीही कधी कधी एकाहून जास्त सेल उरतात, म्हणून कोनांची अट : तिन्ही लघुकोन, नाहीतर एकही नको. आणखी काही बारीक अटी लावल्या की एका जाळीची एकच सेल उरते.

हे वाचलं आणि मला शब्दकोश आठवला! केलं, करतो, करीन... शोधायचं मात्र 'करणे'पाशीच. नव्या औषधाचा स्फटिक आधी कोणी अभ्यासला आहे का, हेही असंच या छोट्या सेलवरून शोधतात. पण सेल जुळली म्हणजे पदार्थ तोच, असंही नाही. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी पट्टीही!

मला मोलाची वाटली ती पुढची गोष्ट. ही सेल ओळख पटवते, पण स्फटिकाचा डौल तिच्यात बऱ्याचदा दिसत नाही. तो पाहायला ती मोठी, काटकोनी सेलच बरी. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर मी नाव, जन्मतारीख आणि एक क्रमांक एवढाच उरतो. पूर्वी याचं वाईट वाटे. आता वाटत नाही. ओळख पटवायला तेवढं पुरतं. माणूस कळायला मात्र मोठी चौकट लागते.

असो. तुम्हाला काय वाटतं?