बरे वाटले म्हणून

रात्री दवाखाना बंद करून आलो की तासभर काही हलकेफुलके पाहावे, ही माझी जुनी सवय. मुलीच्या आग्रहावरून ‘डेड टू मी’ ही अमेरिकन मालिका पाहू लागलो. तिसऱ्या पर्वात मात्र माझे लक्ष कथेवरून उडाले. नायिका जेन चालताना फारशी दिसतच नव्हती. कधी दाराला टेकलेली, कधी सोफ्यावर बसलेली. व्यवसायाची खोड, दुसरे काय!

ही भूमिका करणारी क्रिस्टिना ॲपलगेट १९८७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘मॅरीड विथ चिल्ड्रन’ या विनोदी मालिकेत आली आणि दहा वर्षे तीत राहिली. ‘फ्रेंड्स’मधील रेचेलच्या बहिणीच्या छोट्या भूमिकेने तिला एमी पारितोषिक मिळवून दिले. २००८ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला. आईलाही तो झालेला असल्याने तिची नियमित तपासणी होत असे, म्हणून तो लवकर सापडला. आनुवंशिक दोष आढळल्यामुळे तिने दोन्ही स्तन काढून घेतले.

२०२१ मध्ये, ‘डेड टू मी’च्या चित्रीकरणादरम्यान, मल्टिपल स्क्लेरॉसिसचे निदान झाले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरणच कुरतडते. काही महिने काम थांबले. मग ती चाकाच्या खुर्चीतून सेटवर येऊ लागली. काही दृश्यांत ध्वनिविभागातील एक मित्र कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर राहून तिचे पाय धरून ठेवी. मालिका तिने पूर्ण केली.

मला अस्वस्थ केले ते तिच्या पुढच्या सांगण्याने. पहिल्या पर्वातच नाचाच्या एका दृश्यात तिचा तोल गेला होता. पुढे टेनिसही बिघडले. आपणच मेहनतीत कमी पडतो आहोत, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तिला वैद्यकाचे ज्ञान नव्हते. मला होते. काही वर्षांपूर्वी तिशीतल्या एक शिक्षिका पायांना मुंग्या येतात म्हणून आल्या. शाकाहारी, दगदगीचे आयुष्य. मी बी-१२ची इंजेक्शने दिली. आपल्याकडे ही कमतरता इतकी सर्रास आढळते की अंदाज अगदीच वावगा नव्हता. तीन आठवड्यांत मुंग्या गेल्या आणि दोघेही समाधानी झालो. पण हा आजार सुरुवातीला पुष्कळदा आपणहून ओसरतो. श्रेय इंजेक्शनला मिळाले. आठ महिन्यांनी एका डोळ्याने धूसर दिसू लागले, तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

प्रत्येक मुंगीमागे हा आजार नसतो. तसा तो आपल्याकडे कमीच दिसतो. तरी आता मी विचारतो : पूर्वी असे होऊन आपोआप थांबले होते का? डोळा दुखून दिसणे कमी झाले होते का? गरम पाण्याच्या आंघोळीने त्रास वाढतो का? मान खाली वाकवली की पाठीतून वीज सरकल्यासारखे होते का? उत्तर ‘हो’ आले, तर बरे वाटल्यावरही त्यांना पुढे पाठवतो.

गेल्या महिन्यात त्या शिक्षिका मुलाच्या तापासाठी आल्या होत्या. शाळेने त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणला आहे. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीचे दोन आठवडे मात्र फार जड जातात, म्हणाल्या.