राजीनामा

‘अल्लाहने जान वाचवली, आता पैशांचं काय घेऊन बसलात?’

अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, हे वाक्य किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. म्हणणारे सगळे भल्याचेच होते. पेणकरपाड्यातल्या शेजारणी, सासरची मंडळी, फळांच्या पिशव्या घेऊन बघायला आलेले नातेवाईक. जान वाचल्याचा शुक्र आम्हीही केला. पण शुक्र अल्लाहचा करायचा असतो आणि हिशोब माणसांशी करायचा असतो. या दोन गोष्टींची आपल्याकडे फार सरमिसळ होते आणि तिचा फायदा नेहमी समोरच्याला होतो. म्हणून हा लेख.

आपा दहिसर चेकनाक्यावरून रिक्षाने घरी येत होती. हायवेवर मागून आलेल्या टेम्पोने रिक्षाला उडवले. रिक्षावाला किरकोळ जखमी झाला, आपाचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झाले, रॉड बसवला, सहा महिने घरात. एफआयआर टेम्पोच्या ड्रायव्हरवर झाला. टेम्पोचा विमा चालू होता, ड्रायव्हरकडे लायसन्स होते.

आता आपाचे काम सांगते. ती घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको आणि जून आला की एका दुकानासाठी शाळेचे युनिफॉर्म. मशीन पायाची. म्हणजे मोडला तो नुसता पाय नव्हता, रोजीही होती.

अडीच महिन्यांनी विमा कंपनीचा माणूस आला. नम्र होता, चहाही घेतला. म्हणाला, कोर्टकचेरी करत बसलात तर वर्षे जातील. कंपनी अडीच लाख द्यायला तयार आहे, कुणाची चूक हे सिद्ध करायची गरज नाही, फक्त संमतीची सही करा. दुलाभाईंचा जीव हलका झाला. हॉस्पिटलचे १ लाख १० हजार त्यांनी इकडून-तिकडून उचलले होते. ते फेडून वर काही उरत होते.

तो माणूस खोटे बोलत नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यातल्या कलम १६४ प्रमाणे वाहन अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख आणि गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, चूक कुणाची हे न विचारता मिळतात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. ज्याला ड्रायव्हरची चूक सिद्ध करता येणार नाही, ज्याच्याकडे साक्षीदार नाही, त्याच्यासाठी हे कलम मोठा आधार आहे.

पण त्याने सांगितले नाही ते असे. पूर्वी कलम १४० होते. त्यात मृत्यूला ५० हजार आणि कायमच्या अपंगत्वाला २५ हजार मिळत. रक्कम छोटी, पण ती तातडीची मदत होती, ती घेऊनही मूळ दावा पुढे चालू राहायचा. नव्या कायद्यात तसे नाही. कलम १६४ ची रक्कम कंपनीशी समझोता करून स्वीकारली की कलम १६६ खाली ट्रिब्युनलमध्ये केलेला पूर्ण भरपाईचा दावा संपतो. म्हणजे अडीच लाख हा पहिला हप्ता नव्हता, शेवटचा होता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे मला यात एक शब्द आठवला. उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, तडजोडनामा. तोच शब्द मराठीत आला आणि सोडून देण्याचा कागद झाला. जमीन सोडली तरी राजीनामा, नोकरी सोडली तरी राजीनामा. दुलाभाईंना मी एवढेच म्हटले, ‘सही करायला हरकत नाही, पण तो उर्दूतला राज़ीनामा असू दे, मराठीतला नको. आधी आपल्याला किती मिळायला हवं ते काढू. मग राजी व्हायचं की नाही ते आपा ठरवेल.’

वकिलासाठी पैसे नव्हते. इथे एक माहिती सगळ्या बहिणींनी लक्षात ठेवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, तिची कमाई कितीही असो. आम्ही ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि वकीलबाई मिळाल्या. त्याआधी ‘मिळेल त्यातले तीस टक्के’ म्हणणारे दोघे घरी येऊन गेले होते. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, हे त्यांनाही माहीत असणारच. दावा करण्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. आमचे चार महिने झाले होते. ठाण्याच्या मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्ये अर्ज दाखल झाला.

हिशोब कसा करतात ते थोडे सविस्तर सांगते, कारण हेच कुणी सांगत नाही. महिन्याच्या कमाईचे वर्ष करायचे. अपंगत्वामुळे कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली ते बघायचे. मग वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. हा गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात पक्का केला. ३६ ते ४० वयाला १५, ४१ ते ४५ ला १४, असा तो उतरत जातो. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचे काम करणाऱ्याचे वय चाळिशीच्या आत असेल तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के वाढवून धरतात. तो निकाल मृत्यूच्या दाव्याचा होता, पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने जखमींनाही ही वाढ मिळते असे सांगितले. शिवाय औषधपाणी, बुडालेली कमाई, वेदना, आहार, प्रवास, मदतनीस आणि पुढच्या ऑपरेशनचा खर्च वेगळा.

आपाचे वय ३८. कमाई महिना १० हजार आणि घट २० टक्के, एवढी कमीत कमी धरली तरी वर्षाचे १ लाख २० हजार, वाढ धरून १ लाख ६८ हजार. त्याचे २० टक्के ३३,६००. गुणिले १५ म्हणजे ५ लाख ४ हजार. त्यात हॉस्पिटलचे १ लाख १० हजार, सहा महिन्यांची कमाई ६० हजार आणि रॉड काढण्यासह बाकी सगळे मिळून १ लाख. एकूण ७ लाख ७४ हजार. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा दुलाभाई बराच वेळ काही बोलले नाहीत.

बोलणी सुरू झाली तेव्हा कंपनीने तीन हरकती घेतल्या.

पहिली, कमाईचा पुरावा काय? आपाकडे पगाराची स्लिप नाही, आयकराचा कागद नाही. पण एक वही आहे. उर्दूत लिहिलेली, गिऱ्हाइकाचे नाव, काम, रक्कम, बाकी. तिची चौदा महिन्यांची पाने मी मराठीत उतरवून दिली. युनिफॉर्मच्या दुकानदाराने पत्र दिले. ‘घरगुती वही आहे, हिला काय अर्थ?’ असे कंपनीचे म्हणणे. वकीलबाईंनी २०१४ चा निकाल पुढे केला. कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याचा पाय अपघातात कापावा लागला होता. भाजी विकणाऱ्याकडून कमाईचे कागद मागणे बरोबर नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाई महिना साडेसहा हजार धरली आणि कमाईच्या ताकदीतली घट ८५ टक्के. शिवाय घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामालाही पैशात मोल आहे, हे २०१० आणि २०२१ च्या निकालांत त्याच न्यायालयाने सांगितलेले आहे.

दुसरी हरकत टक्क्यांची. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर उजव्या पायाचे अपंगत्व २२ टक्के होते. कंपनी म्हणाली, पायाचे २२ म्हणजे सबंध शरीराचे सात-आठ. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात याचे उत्तर आहे. दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतली घट एक नसते, माणूस काय काम करतो ते बघावे लागते. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. तसाच वाकलेला घोटा माझ्या शिकवण्याच्या आड आला नसता. आपाच्या पायमशीनच्या आड रोज येतो.

तिसरी हरकत, रिक्षावाल्याने अचानक ब्रेक मारला, त्याचीही चूक होती. असेलही. पण आपा मागे बसलेली प्रवासी. दोन गाड्यांच्या चुकीत प्रवासी जखमी झाला तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आपसातली वाटणी त्यांनी नंतर करावी, हे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

कंपनी अडीचवरून ४ लाखांवर आली, मग साडेपाचवर. आवाज कुणी चढवला नाही. प्रत्येक वेळी आम्ही एवढेच विचारत होतो, ‘हा आकडा कसा आला, मांडून दाखवा.’ तो त्यांना मांडता येत नव्हता, आम्हाला येत होता.

या काळात घरात दुसरेही बोलणे चालू होते. हा पैसा हलाल आहे का? विमा आपल्यात चालतो का? गरीब ड्रायव्हरला कशाला बुडवायचे? या प्रश्नांना हसून टाळणे मला पटत नाही. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पण इथे आपाने विमा काढलेला नव्हता. तिचे नुकसान झाले होते आणि ते भरून मागत होती. नुकसानीची भरपाई ही कल्पना आपल्याला परकी नाही. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठी वारसांना दियत द्यायला सांगितले आहे. जखमांच्या भरपाईवर फिकहच्या किताबांत प्रकरणेच्या प्रकरणे आहेत, एकेका बोटाचा हिशोब मांडलेला. आणि चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या गुन्हेगाराच्या डोक्यावर टाकलेली नाही. ती त्याच्या ‘आकिला’ने, म्हणजे त्याच्या जमातीने मिळून, तीन वर्षांत फेडायची असते. एकाच्या चुकीचा भार अनेकांनी उचलायचा, म्हणजे चूक करणारा बुडत नाही आणि भोगणाराही उपाशी राहत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी गाडीमालकावर सक्तीचा केलेला विमा मला या कामाच्या बराच जवळचा वाटतो. आपाच्या प्रकरणात ड्रायव्हरच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. ट्रिब्युनल निकालात व्याज लावते, ते घ्यावे की द्यावे हे ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावे. व्याजाच्या शंकेपायी मूळ हक्कच सोडून देणे हा तक्वा नव्हे.

आणि माफीचे म्हणाल, तर त्याच आयतीत वारसांना दियत माफ करण्याची मुभाही आहे. पण माफ तोच करू शकतो ज्याला आपले येणे किती हे माहीत आहे. न कळता सोडून दिले त्याला माफी म्हणत नाहीत. आपाने त्या पोरसवदा ड्रायव्हरला मनापासून माफ केले. विमा कंपनीला माफ करायचे कारण तिला सापडले नाही.

शेवटी प्रकरण राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवले गेले. तिथल्या तडजोडीवर अपील नाही, हे वकीलबाईंनी आपाला आधीच दोनदा समजावले होते. कंपनी ७ लाख २५ हजारांवर थांबली. आमच्या कमीत कमी हिशोबापेक्षा ४९ हजार कमी. मी म्हटले, अजून ताणू. दुलाभाई गप्प होते. आपाने विचारले, ‘खटला चालवला तर किती वर्षं?’ वकीलबाई म्हणाल्या, सांगता येत नाही, आणि निकालावर कंपनी हायकोर्टात जाऊ शकते. आपाने थोडा वेळ आकडेमोड केली. ‘मुलीची बारावी पुढच्या वर्षी आहे. चार वर्षांनी मिळणारे ४९ हजार मला नकोत,’ म्हणाली, आणि तिने सही केली. उर्दूत, उजवीकडून डावीकडे, नीट वेळ घेऊन.

पूर्ण हिशोब माहीत असताना तिने ते ४९ हजार सोडले. मी याला नुकसान म्हणत नाही. वाजवी तडजोड म्हणजे जास्तीत जास्त रक्कम नव्हे. काय घेतोय आणि काय सोडतोय हे सही करणाऱ्याला पक्के ठाऊक असणे म्हणजे वाजवी तडजोड.

आपल्या वस्त्यांमध्ये शिवणारे, विकणारे, ओझी वाहणारे, रिक्षा चालवणारे हात पुष्कळ आहेत आणि हायवे दाराशी आहे. यातल्या कुणाकडे पगाराची स्लिप नसणार. म्हणून एक वही ठेवा. तारीख, काम, रक्कम. उर्दूत, मराठीत, ज्या लिपीत हात बसला असेल त्या लिपीत. देव न करो, पण वेळ आलीच तर हॉस्पिटलची पावती, औषधाच्या दुकानाची चिठ्ठी, रिक्षाचे भाडे, सगळे त्याच वहीत. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. आणि कुणी ‘फक्त सही करा’ म्हणाले, तर एक दिवस मागून घ्या. कागद खरा असेल तर उद्याही खराच राहील.