अप्पांचं गॅरेज

टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, घरापासून सुटं असं एक गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं ते आपलं सवयीनं. मोटार त्यात कधी आलीच नाही. अप्पांची सायकल, पुढं माझी स्कूटर, पावसाळ्यात सरपण आणि बारा महिने मोडक्या खुर्च्या, एवढ्यांचाच तिथं मुक्काम. १९८६ साली अप्पांनी ते बांधायला काढलं आणि त्याच वर्षी अर्ध्यावर सोडलं. आतून गिलावा आहे, बाहेरून नाही. शहाबादी फरशी एका कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलेली. आणि त्या कोपऱ्यात भिंतीतून व जमिनीतून पाइपांची चार-पाच तोंडं वर आलेली, कशालाच न जोडलेली.

"पोस्टातल्या माणसाला मोटार कशाला हो?" असं शेजारी विचारत. अप्पा नुसते हसत. आम्हा भावंडांत मात्र तो वाक्प्रचारच होऊन बसला होता. कुणी शिवण अर्धं टाकलं, कुणी परीक्षा सोडली, की "झालं याचं अप्पांचं गॅरेज!" २००९ साली अप्पा गेले. तोवर हे आम्ही त्यांच्यादेखतही म्हणत होतो.

गेल्या वर्षी ब्याऐंशीव्या वर्षी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरात चाकाची खुर्ची आली. घर जुनं, जोतं उंच. दारं अरुंद, प्रत्येक दाराला उंबरा, आणि न्हाणी-संडास दोन पायऱ्या उतरून मागच्या पडवीत. दिवसातून चार वेळा आईला उचलून न्यायचं, म्हणजे मला कंबरेचा त्रास आणि तिला संकोचाचा. ती पाणी प्यायचंच टाळू लागली. पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ते गॅरेज पाड आणि तिथं एक खोली बांध." मला वाटलं, पाडायच्या आधी त्या पाइपांचा उलगडा तरी करून घ्यावा. काही उपयोगी निघालं तर तेवढेच पैसे वाचतील. हेतू इतकाच.

मेस्त्री बैलहोंगलकडचे. ते वाक्य कानडीत सुरू करून मराठीत संपवत, मी उलट करी. त्यांनी आधी कोपरा झाडून घेतला आणि एकेक तोंड तपासलं. जमिनीत चिनी मातीचा चार इंची पाइप होता, तोंडात गोणपाट कोंबून वर सिमेंटचा हात फिरवलेला. शेजारी तीन इंची खळगा. "ही न्हाणी ट्रॅप," मेस्त्री म्हणाले. इंग्रजी शिकलेले इंजिनिअरही त्याला 'न्हाणी ट्रॅप'च म्हणतात, हे मला ठाऊक होतं. आपला एक घरगुती शब्द असा देशभराच्या नळकामात जाऊन बसला आहे. भिंतीत अर्ध्या इंचाचे दोन लोखंडी पाइप, तोंडाला लाकडी गुट्ट्या. एक जमिनीपासून फूटभर, दुसरा कंबरेइतका उंच. बाहेरच्या भिंतीलगत बिडाचा एक उंच पाइप उभा. त्याला आम्ही तीस-पस्तीस वर्षं कपडे वाळत घालायची दोरी बांधत आलो होतो!

"हा हवेचा पाइप, मालक," मेस्त्री म्हणाले. संडासात पाणी जोरानं सुटलं की ते मागची हवा ओढून नेतं. त्या ओढीनं ट्रॅपमधलं साठलेलं पाणीही निघून गेलं, तर गटाराचा वास सरळ घरात. म्हणून वर हवेला वाट ठेवायची. म्हणजे ही पुरती संडास-न्हाणीची तयारी होती. गॅरेजात?

मग मेस्त्रींनी चार इंची तोंडाचं भिंतीपासूनचं अंतर मोजलं. दहा इंच. "कमोड," ते म्हणाले. "देशी भांडं बसवायचं असतं तर जमीन दीड फूट खोल ठेवली असती." मला हसू आलं. १९८६ साली आमच्या घरात कमोड? आम्ही तर तो हॉटेलात पाहिलेला.

पाइप जातो कुठं, हे पाहायला त्यात दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी तुंबून राहिलं. जास्वंदीच्या बुंध्याशी कुदळ घातली तेव्हा विटांचं चेंबर लागलं, तांबड्या मातीनं भरलेलं. जास्वंदीची मुळं सांध्यातून पाइपात शिरली होती. बांबूच्या कांबटीनं ती ओढून काढायला अख्खी दुपार गेली. मेस्त्रींनी पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली. गॅरेजपासून चेंबरपर्यंत वीस फूट आणि उतार सहा इंच. चाळीसाला एक. चार इंची पाइपाला हवा तेवढाच, ना कमी ना जास्त. "कोण होता गवंडी? माणूस हुशार," मेस्त्री म्हणाले. मी काही बोललो नाही. गवंड्याच्या उरावर लेव्हलची नळी धरून उभे असलेले अप्पा मला आठवत होते.

मग बादलीत नीळ कालवून ओतली. मी चेंबरपाशी वाकून बसलो. थोड्या वेळानं निळं पाणी खळाळत आलं. "नीर बंत्री!" मेस्त्री आतून ओरडले, जणू त्यांनाच ते दिसत होतं. चेंबरपासून गल्लीतल्या ड्रेनेजपर्यंतचे आठ फूट तेवढे कधी टाकलेच गेले नव्हते.

आई मागच्या दारात खुर्चीवर बसून हे पाहत होती. म्हणाली, "ते तुझ्या आजीसाठी होतं."

आजी त्या श्रावणात शेवाळावर घसरून पडली, हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. आई सांगू लागली, "त्यांना जिना-पायरी जमेना. पण स्वतंत्र खोली म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मला घराबाहेर काढताय. म्हणून ह्यांनी गॅरेज म्हणून सांगितलं. पुरं झालं की दाखवू म्हणाले. त्या मार्गशीर्षात गेल्या. तेराव्यानंतर गवंडी आला, ह्यांनी त्याची मजुरी दिली आणि परत पाठवला."

मी आत गेलो. भिंतीत अडीच फुटांवर दोन लोखंडी कड्या होत्या, त्यांना आम्ही कांद्याच्या माळा अडकवत असू. त्या हातानं धरायच्या कांबीसाठी होत्या. बाजूचं दार साडेतीन फुटी, आणि त्याला उंबरा नव्हता. अप्पा उंबरा बसवायचा विसरले, असं आम्ही आजवर समजत होतो.

"तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस?" मी आईला विचारलं.

"तुम्ही हसत होता. ह्यांनी बजावलं होतं, हसू देत म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तू तरी मला कुठं विचारलंस? दोन दिवस मापं घेतोयस."

ते खरंच होतं. आजीची भीती अप्पांना वाटली, तीच आईची मला वाटत होती. म्हणून मीही मेस्त्रींना 'गॅरेजची दुरुस्ती' असंच सांगून आणलं होतं. त्या संध्याकाळी तिच्यासमोर बसून विचारलं. तिनं दोन अटी घातल्या. स्वयंपाकघराची खिडकी तिच्या पलंगावरून दिसली पाहिजे, आणि दिवसाचं एक जेवण घरात, सगळ्यांबरोबर. त्यासाठी मागच्या पायऱ्यांवर उतरण बांधायची. जुन्या पाइपांतले लोखंडी गंजले होते, ते बदलले. चिनी मातीचा आणि बिडाचा तेच ठेवले. सांधे नव्यानं भरले, उरलेले आठ फूट पुरे केले, कड्यांत कांब बसवली. कपड्यांची दोरी आता नारळाला बांधली आहे.

ही दिवाळी आईची त्या खोलीतली पहिली. उंबरा नाही, तेव्हा पणती कुठं ठेवायची यावर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, "बाजूला ठेवा. मधे नको, खुर्ची जाते."